नरगुंदचा किल्ला आणि न आलेली कुमक

हुबळीहून पन्नासएक किलोमीटरवर, काळ्या रानाच्या सपाटीत एकटाच उभा असलेला नरगुंदचा डोंगर मराठी इतिहासात दोनदा ठळकपणे येतो: 1785 मध्ये टिपूच्या वेढ्यामुळे आणि 1858 मध्ये बाबासाहेब भाव्यांच्या बंडामुळे. दोन्ही वेळा नरगुंदचे संस्थानिक भावे घराणे आपल्याहून कितीतरी बलाढ्य सत्तेविरुद्ध उभे राहिले, दोन्ही वेळा बाहेरच्या साथीवर त्यांची भिस्त होती आणि दोन्ही वेळा किल्ला पडला. यावरून एक सोपा निष्कर्ष काढला जातो, की नरगुंदकर भाबडे, दुसऱ्याच्या शब्दावर विसंबले आणि बुडाले. हा निष्कर्ष मला अन्यायाचा वाटतो. त्यांच्या विश्वासाला सबळ आधार होता. कमी पडली ती वेगळीच गोष्ट. कुमक केव्हा निघायची हे ठरवणारा माणूस किल्ल्यात नव्हता, आणि जो ठरवत होता त्याला उशिराची किंमत मोजावी लागणार नव्हती.

1785 चे प्रकरण नीट पाहिले तर हे उघड दिसते. राघोबादादांच्या राजकारणात कृष्णेच्या दक्षिणेचा मुलूख हैदरच्या हाती गेला आणि 1778 मध्ये नरगुंदही त्याच्या सत्तेखाली आले. हैदरने ठरावीक पेशकश घेऊन व्यंकटराव भाव्यांचा कारभार चालू दिला. 1782 अखेर तो वारला आणि टिपूने मागणी एकदम वाढवली. संस्थान लहान, वाढीव रक्कम शेवटी रयतेकडूनच निघायची. व्यंकटरावांचे कारभारी काळोपंत पेठे यांनी पुण्याशी गुप्त पत्रव्यवहार आधीपासून राखला होता. आता ते पुण्याकडे आशेने पाहू लागले, आणि त्या आशेला कारणे होती. पेठ्यांची परशुरामभाऊ पटवर्धनांशी सोयरीक होती. 1784 च्या उन्हाळ्यात नाना फडणीस आणि निजाम यांची यादगीरला भेट होऊन टिपूविरुद्ध एकजुटीची बोलणी झाली होती. शिवाय जहागीरदाराकडून रिवाजापेक्षा जास्त वसूल करण्याचा टिपूला अधिकार नाही, असे नानांनी उघडपणे कळवले होते. पुण्याचा कारभारी आपला कैवार जाहीरपणे घेतो आहे हे पाहिल्यावर काळोपंतांनी आणखी कोणता पुरावा मागायचा होता?

कुमक निघालीही. गणेशपंत बेहेरे आणि परशुरामभाऊ फौज घेऊन आले. टिपूचा सरदार बुऱ्हाणुद्दीन पाण्याच्या टंचाईने आणि मराठी फौज जवळ आल्याने काही काळ नरगुंदपासून मागे हटला. किल्ल्यावरच्या माणसांना त्या दिवसांत काय वाटले असेल, याची कल्पना करता येते. पण पुण्याला लढाई एवढ्यात पेटवायची नव्हती. टिपूचे वकील खंडणीची बोलणी लांबवत होते, निजामाची फौज तयार नव्हती, आणि युद्धाला घाई करू नये असाच पुण्याच्या सरदारांवर दाब होता. तेवढ्यात बुऱ्हाणुद्दीनने भाव्यांचेच दुसरे ठाणे रामदुर्ग घेतले, नरगुंदला पुन्हा वेढा घातला आणि जुलै 1785 च्या अखेरीस किल्ला शरण आला. जीविताला धोका नाही या कौलावर माणसे खाली उतरली. व्यंकटराव सहकुटुंब श्रीरंगपट्टणला आणि काळोपंत कब्बलदुर्गच्या कैदेत गेले.

यावर नानांच्या बाजूने सांगण्यासारखे बरेच आहे. एका डोंगरी किल्ल्यासाठी अपुऱ्या तयारीनिशी टिपूशी युद्ध ओढवून घेणे हा शहाणपणा नव्हता. पुढच्याच वर्षी निजामासह मराठ्यांनी बदामी घेतली, आणि 1787 च्या तहात बदामी, कित्तूर, नरगुंद ही ठाणी परत मिळवली. काळोपंत आणि भावे कुटुंबातील हयात माणसे यांना सोडण्याचे कलमही त्या तहात आले. म्हणजे पुणे नरगुंदला विसरले, असे म्हणता येणार नाही. हे सर्व मी मान्य करतो. तरीही दोष उरतोच. पुण्याच्या हिशेबात नरगुंद हे मोठ्या डावातले एक ठाणे होते, ते दोन वर्षांनी परत मिळाले तरी डाव साधत होता. वेढ्यातल्या माणसांपाशी दोन वर्षे नव्हती, त्यांच्यापाशी टाक्यात उरले तेवढे पाणी होते. थांबायचे पुण्याने ठरवले आणि त्याची किंमत नरगुंदने मोजली.

1858 मध्ये मदतीची आशा शेजाऱ्यांकडून होती, आणि तिथे उशिरापेक्षा शंकेने जास्त घात केला. कंपनीने भास्करराव ऊर्फ बाबासाहेबांना दत्तक नाकारला होता, हत्यारबंदी चालू होती, मोठ्या तोफा धारवाडला पाठवाव्या लागल्या होत्या. फेब्रुवारीत सुरपूरच्या व्यंकटप्पा नायकांचे बंड मोडले. मे महिन्यात उठावाच्या तयारीत असलेल्या मुंडरगीच्या भीमरावांचा शस्त्रसाठा उघडकीस आला, म्हणून त्यांना ठरल्याआधीच उठावे लागले. डंबळचा खजिना लुटून त्यांनी कोप्पळचा किल्ला धरला. बाबासाहेबांनी सावत्र भावाला, रामदुर्गकरांना, साथीसाठी पत्र लिहिले. रामदुर्गकरांनी ते पोलिटिकल एजंट मॅन्सनला दाखवले आणि नरगुंदच्या मुलखात जाऊ नका असा सल्लाही दिला. मॅन्सनने तो मानला नाही. 29 मेच्या रात्री सुरेबानला बाबासाहेबांच्या माणसांनी त्याला मारले. 1 जूनला कोप्पळ पडून भीमराव मारले गेले, त्याच दिवशी इंग्रज अधिकारी मालकमच्या फौजेने नरगुंदबाहेर बाबासाहेबांचा मोड केला, आणि त्याच दिवशी तिकडे उत्तरेत तात्या टोपे व झाशीच्या राणीने ग्वाल्हेर घेतले. ही बातमी कृष्णेपलीकडे पोचून उपयोगी पडायला नरगुंदपाशी एक दिवसही उरला नव्हता. 12 जूनला बाबासाहेबांना बेळगावात फाशी झाली.

त्यांनी उत्तरेच्या फौजांची वाट पाहायला हवी होती, असा आक्षेप घेतला जातो. तात्या नर्मदा उतरून आले ते ऑक्टोबरच्या अखेरीस, आणि तेही कर्नाटकापर्यंत पोचू शकले नाहीत. तोवर नरगुंदकरांच्या हाती उरलेली हत्यारेही गेली असती. रामदुर्गकरांनाही मी निव्वळ फितूर म्हणणार नाही. 1785 मध्ये कुमक जवळ असताना पडलेले ठाणे त्यांचेच होते. भावाच्या शब्दावर त्यांनी संस्थान पणाला लावले नाही, हे त्या अनुभवाशी सुसंगतच आहे. मात्र पत्र मॅन्सनच्या हाती देणे हे स्वस्थ बसण्याच्या पलीकडचे होते, आणि तो दोष त्यांच्या पदरी घालावाच लागेल. बंड शमल्यावर ज्या दत्तकाच्या हक्कासाठी बाबासाहेब उठले, तो इंग्लंडच्या राणीच्या सरकारने संस्थानिकांना सनदा देऊन मान्य केला. रामदुर्गला अशी सनद मिळाली. नरगुंद खालसाच राहिले.