चेहऱ्यावरचा अविश्वास

पेण असो वा रोहे, पासपोर्टच्या फोटोसाठी स्टुडिओत गेलेल्या माणसाला एकच तंबी मिळते : समोर पाहा, कान दिसू द्या, हसू नका. या तंबीचा उगम युद्धकाळातल्या संशयात आहे. आजचा थ्रेड त्याविषयी.

१९१४ पूर्वीच्या पारपत्रांवर छायाचित्र नसे. त्या वर्षी कार्ल हान्स लोडी हा जर्मन हेर चार्ल्स इंग्लिस नावाच्या अमेरिकन प्रवाशाचे पारपत्र खिशात घालून ब्रिटनमध्ये शिरला. कागद अस्सल होता, माणूस भलताच. ६ नोव्हेंबर १९१४ रोजी टॉवर ऑफ लंडनमध्ये त्याला गोळ्या घालण्यात आल्या. डिसेंबरात अमेरिकेने पारपत्रावर छायाचित्र सक्तीचे केले आणि १९१५ मध्ये ब्रिटनच्या नव्या पारपत्रावरही ते आले. शेजारी चेहऱ्याचा आकार आणि वर्ण यांचे शब्दांतले वर्णनही असे. केवळ छायाचित्रावर सरकारचा अजून पुरता विश्वास बसला नव्हता, असे मला वाटते.

हिंदुस्थानातही याच युद्धात, भारत संरक्षण कायद्याखाली, देशाबाहेर जाण्यास व परत येण्यास पारपत्र बंधनकारक झाले. बालपण रोह्यात गेलेले चिंतामणराव देशमुख केंब्रिजला शिकत होते तो काळ हाच. १९१७ मध्ये ते तेथून पदवीधर झाले. एका पिढीआधी विलायतेला निघालेल्याला मुख्य चिंता तिकिटाची आणि समुद्रगमनाच्या प्रायश्चित्ताची असे. आता तिच्यात सरकारी परवानगीची भर पडली. युद्ध संपल्यावर सहा महिन्यांनी तो कायदा संपणार होता. म्हणून १९२० मध्ये स्वतंत्र पासपोर्ट कायदा करून ही व्यवस्था कायम ठेवण्यात आली. तात्पुरते निर्बंध असे मुरतात.

परंतु पारपत्र हाती असले म्हणजे प्रवास घडतोच असे नाही. १९१८ च्या वसंतात लोकमान्य टिळक होमरूलच्या शिष्टमंडळासह इंग्लंडला निघाले. सोबत न. चिं. केळकर, दादासाहेब खापर्डे, बिपिनचंद्र पाल होते. सर्वांकडे रीतसर पारपत्रे होती. मंडळी कोलंबोला पोहोचली आणि लंडनच्या युद्धमंत्रिमंडळाच्या आदेशाने ती रद्द झाली. हे कोण आहेत याविषयी सरकारला तिळमात्र शंका नव्हती. नेमके तेच कारण होते. पुढे त्याच वर्षी चिरोल खटल्यासाठी टिळकांना जाऊ दिले, तेही राजकीय भाषणे न करण्याच्या अटीवर.

हा अधिकार सरकारच्या मर्जीवरच राहिला, स्वातंत्र्यानंतरही. १९५४ मध्ये पहिली पाच प्रादेशिक पासपोर्ट कार्यालये उघडली, त्यांत मुंबई आणि नागपूर होती. पण परदेशगमन हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने सतवंतसिंग साहनी खटल्यात सांगितले ते १९६७ मध्ये. त्याच वर्षी नवा पासपोर्ट कायदा आला.

राहिली न हसण्याची गोष्ट. २००३ मध्ये आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने यंत्राद्वारे ओळख पटवण्यासाठी चेहरा हीच मुख्य खूण ठरवली. हसताना गाल वर चढतात, डोळे बारीक होतात, ओठ ताणले जातात आणि यंत्राची मोजमापे बिघडतात. पूर्वी बंदरावरचा अधिकारी एकदा फोटोकडे, एकदा माणसाकडे पाही. हसरा चेहरा त्याला चालत असे.