गाळातल्या एका खुणेची कुळकथा

आषाढी वारीत तुकोबांच्या पादुकांना सराटीला नीरास्नान घडते आणि पालखी नदी ओलांडून अकलूजला, म्हणजे माळशिरस तालुक्यात येते. तोवर नीरेला बारामतीकडून कऱ्हा आणि फलटणकडून बाणगंगा येऊन मिळालेली असते. गावोगावचे सांडपाणीही त्यांच्यासोबत येते. त्यात मैला किती, हे ठरवण्याची रूढ रीत म्हणजे पाण्यातले कोलिफॉर्म जंतू मोजणे. पण ते जंतू उन्हाने मरतात, क्लोरिनने मरतात, आणि पाणी तर पुढे निघून जाते. नमुना घेतला त्या दिवसाचाच काय तो हिशेब लागतो. मागच्या वीस वर्षांचा हवा असेल, तर तळाचा गाळ उकरावा लागतो.

त्या गाळात शोधायचे ते कोप्रोस्टॅनॉल. माणसाच्या आतड्यातले जंतू कोलेस्टेरॉलपासून ते तयार करतात.

न्यूयॉर्कचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ ऑस्टिन फ्लिंट (धाकटे) यांनी १८६२ मध्ये विष्ठेतून एक पदार्थ वेगळा काढला आणि त्याला 'स्टर्कोरिन' म्हटले. पित्तावाटे आतड्यात उतरलेले कोलेस्टेरॉलच असे पालटते, हे त्यांनी तेव्हाच ओळखले होते. १८९६ मध्ये बाँडझिन्स्की यांनी त्याच पदार्थाचे, म्हणजे आजच्या कोप्रोस्टॅनॉलचे, 'कोप्रोस्टेरिन' या नावाने वर्णन केले. पुढे कित्येक दशके हा विषय वैद्यक आणि रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळांतच राहिला. मैल्याने दूषित झालेले पाणी ओळखायला हाच पदार्थ वापरता येईल, हे मर्टॉ आणि बंच या दोन अमेरिकी संशोधकांनी १९६७ मध्ये मांडले.

नदीच्या अभ्यासकाला हवा तसाच याचा स्वभाव आहे. तो पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. बारीक कणांना चिकटतो आणि त्यांच्याबरोबर तळाला बसतो. वाहत्या, हवा खेळत्या पाण्यात जंतू त्याचा लवकर फडशा पाडतात, पण प्राणवायू नसलेल्या काळ्या, वास मारणाऱ्या चिखलात तो वर्षानुवर्षे टिकतो. न्यूयॉर्कजवळच्या समुद्रात बार्जमधून मैल्याचा गाळ टाकला जाई. त्याचा माग १९७९ मध्ये हॅचर आणि मॅकगिलिव्हरी यांनी याच खुणेवरून काढला. अमेरिकेतल्या काहोकिया या प्राचीन नगराची लोकसंख्या कशी वाढली-घटली, हेसुद्धा २०१९ मध्ये शेजारच्या तळ्याच्या गाळातून असेच वाचले गेले.

काम चिकाटीचे आहे. तळात नळी उभी दाबायची, आतला गाळ न विस्कटता वर काढायचा, त्याचे पातळ थर कापून वाळवायचे, द्रावकात अर्क काढायचा आणि गॅस क्रोमॅटोग्राफवर मोजायचा. नुसता आकडा मात्र फसवू शकतो. कोलेस्टॅनॉल हे त्याचे भावंड मैला नसलेल्या गाळातही आपोआप तयार होते. म्हणून दोघांच्या बेरजेत कोप्रोस्टॅनॉलचा वाटा ०.७ च्या वर गेला, तरच मैल्याचा निर्वाळा देतात.

माळशिरससारख्या दुभत्या जनावरांच्या मुलखात खरा प्रश्न पुढेच आहे: हे गावाचे की गोठ्याचे? ऑस्ट्रेलियात ऱ्हीस लीमिंग आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये त्याची उकल दिली. माणसाच्या विष्ठेतल्या स्टेरॉलांमध्ये, म्हणजे कोलेस्टेरॉलच्या कुळातल्या पदार्थांमध्ये, सुमारे ६० टक्के कोप्रोस्टॅनॉल असते; चारा खाणाऱ्या जनावरांच्या शेणात वनस्पतींच्या स्टेरॉलपासून झालेले २४-एथिलकोप्रोस्टॅनॉल जास्त. दोन्ही मोजली की शेण आणि मैला वेगळे करता येतात.

नीरा-नरसिंहपूरला नीरा भीमेला मिळते. पुणे-पिंपरीचे सांडपाणी सोसलेली भीमा उजनी धरणात बराचसा गाळ ठेवून तिथे येते, आणि पुढे पंढरपूरला चंद्रभागा होते. एक नळी उजनीच्या तळात, दुसरी संगमाआधीच्या नीरेतल्या एखाद्या बंधाऱ्यामागे, एवढ्यानेही कोणत्या नदीत कुणाचा मैला किती वर्षे साचतो आहे, हे थरागणिक दिसू लागेल.