प्राचीन इतिहासाचे मुक्तद्वार

इतिहास कोणी लिहिला, हा प्रश्न आपल्या चळवळीने महात्मा फुल्यांपासून विचारला आहे. त्याला लागूनच असलेला दुसरा प्रश्न मात्र आपण फारसा विचारलेला नाही. इतिहास छापला कोठे जातो आणि तो वाचायला मिळतो कोणाला? प्राचीन भारताविषयीचे नवे संशोधन ग्रंथांत येते ते बरेच उशिरा. शिलालेखाचे वाचन, नाण्याचा काळ, उत्खननाचा अहवाल हे सारे प्रथम संशोधनपत्रिकांच्या पानांवर येते, तेथे त्यावर वाद होतो, आणि त्या वादातून जे टिकते ते पुढे पाठ्यपुस्तकात उतरते. पाठ्यपुस्तकाविरुद्ध आपण मोर्चा काढू शकतो. परंतु ज्या पत्रिकेत तो निष्कर्ष प्रथम घडला, तिच्या दारापर्यंत आपण पोचलेलो नसतो. म्हणून प्राचीन इतिहासाची संशोधनपत्रिका चालते कशी, तिचा खर्च कोण सोसतो आणि ती सर्वांना विनामूल्य का खुली असावी, हा सामाजिक न्यायाचा प्रश्न आहे.

ज्या पुराव्यांवर हा इतिहास उभा आहे ते पुरावे मुळात बंदिस्त नव्हते. सम्राट अशोकाने आपले लेख प्राकृतात, म्हणजे लोकांच्या भाषेत, उघड्या खडकांवर कोरविले. कलिंगातील त्याच्या स्वतंत्र लेखांत तर अशी आज्ञा आहे की, तिष्य नक्षत्राच्या दिवशी हा लेख लोकांना ऐकवावा आणि एरवी एकटा माणूस असला तरी त्यालाही ऐकवावा. ज्याला अक्षर येत नाही त्याच्यापर्यंत मजकूर पोचविण्याची जबाबदारी येथे राज्याने स्वतःवर घेतली आहे. आपल्या सोपाऱ्यालाही अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सापडला. पूर्वीचे राजे शिकारीच्या सहलींना जात, आपण मात्र संबोधीला गेलो आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू झाल्या, असे अशोक या लेखात सांगतो. कोकणच्या किनाऱ्यावर हा मजकूर लोकांसाठी उभा होता. पुढे ती लिपी वाचणारे उरले नाहीत आणि दगड मुका झाला. १८३७ साली जेम्स प्रिन्सेप यांनी ब्राह्मी लिपी उलगडली आणि तिचे वाचन कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या पत्रिकेत प्रसिद्ध केले. दगडाला वाचा फुटली ती एका पत्रिकेच्या पानावर. पण ते पान इंग्रजीत होते आणि सोसायटीच्या सभासदांच्या कपाटात होते.

या कपाटांत आपल्या दृष्टीने काय पडून होते, ते पाहिले पाहिजे. पश्चिम महाराष्ट्रातील बौद्ध लेण्यांच्या लेखांत दात्यांची नावे व त्यांचे धंदे दिलेले आहेत. कार्ल्याच्या चैत्यगृहाचे द्वार धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराने केल्याचा लेख तेथे आहे. कुड्याच्या लेण्यांत माळ्याचे दान आहे आणि कऱ्हाडच्या लोखंडाच्या व्यापाऱ्याचेही. नाशिकच्या लेण्यात ‘दासक’ मुगुदासाने सहपरिवार दिलेल्या लेण्याचा उल्लेख आहे. ‘दासक’ म्हणजे कोळी असा त्याचा अर्थ लावला गेला आहे. त्याच नाशिकला उषवदाताने विणकरांच्या दोन श्रेणींकडे अनुक्रमे २००० व १००० कार्षापण कायम ठेव म्हणून ठेवल्याचे कोरलेले आहे. जुन्नरच्या लेखांत बांबूकाम करणाऱ्यांची आणि कासारांची श्रेणी ठेवी स्वीकारताना दिसते. म्हणजे हाताने काम करणारा माणूस या लेण्यांत दाता म्हणून नावासह उभा आहे आणि कारागिरांच्या संघटना पैसा सांभाळण्याइतक्या विश्वासार्ह मानल्या गेल्या आहेत. स्मृतिग्रंथांनी रंगविलेल्या समाजचित्राला छेद देणारा हा पुरावा १८८१ मध्ये इंद्रजी आणि बर्जेस यांनी, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी एमिल सेनार यांनी ‘एपिग्राफिया इंडिका’त छापला. शंभर वर्षांहून अधिक काळ तो छापील आहे. दरवर्षी हजारो बौद्ध उपासक कार्ल्याला जातात; त्यांच्यापैकी किती जणांना या सुताराचे नाव ठाऊक आहे? हा अज्ञानाचा दोष उपासकांचा नाही. पुरावा ज्या भाषेत आणि ज्या किमतीत ठेवला गेला, त्याचा तो परिणाम आहे.

एक योगायोग येथे नोंदविण्याजोगा आहे. जेम्स बर्जेस यांनी ‘इंडियन अँटिक्वेरी’ हे मासिक मुंबईत सुरू केले ते १८७२ साली. जोतीरावांची ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध झाली ती १८७३ साली. दोन्हींचा विषय प्राचीन भारत हाच होता. एकीकडे शिलालेखांचे ठसे, ताम्रपटांची वाचने आणि त्यांवरील टिपणे. दुसरीकडे पुराणकथांची उलटतपासणी करून शूद्रातिशूद्रांच्या दास्याचे मूळ शोधणारा माणूस. ज्याच्याकडे प्रश्न होता त्याच्याकडे पुरावा नव्हता, आणि ज्यांच्याकडे पुरावा होता त्यांना तो प्रश्न पडलेला नव्हता. हे दोन प्रवाह जवळजवळ पंचेचाळीस वर्षे एकमेकांना भेटले नाहीत.

ते भेटले १९१७ साली. कोलंबिया विद्यापीठात मे १९१६ मध्ये डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात बाबासाहेब आंबेडकरांनी भारतातील जातींची यंत्रणा, उगम आणि विकास यांवर निबंध वाचला. तो मे १९१७ च्या ‘इंडियन अँटिक्वेरी’त छापला गेला. जातीचा उगम सजातीय विवाहाच्या सक्तीत शोधणारा, आणि एका वर्गाने दारे बंद केल्यावर इतरांना ती आपल्यावर बंद झालेली दिसली असे मांडणारा हा निबंध, पौर्वात्य विद्येच्या त्या प्रतिष्ठित मासिकात, पंचविशीतल्या महार तरुणाच्या नावाने आला. या घटनेचे महत्त्व आपण पुरेसे ओळखलेले नाही. संशोधनपत्रिका जन्म पाहत नाही, युक्तिवाद पाहते, हे तत्त्व तेथे एकदा तरी पाळले गेले.

याच बाबासाहेबांना शाळेत संस्कृत नाकारले गेले होते आणि त्याऐवजी फारसी घ्यावी लागली होती. १९४६ साली शूद्रांच्या उगमावरील ग्रंथ प्रसिद्ध करताना, संस्कृत न जाणणाऱ्याला हा विषय हाताळण्याचा अधिकार काय, या आक्षेपाची दखल त्यांनी प्रस्तावनेतच घेतली आणि इंग्रजी भाषांतरांच्या दीर्घ अभ्यासाचा आधार पुढे केला. पाठशाळेने बंद केलेले दार छापखान्याने आणि ग्रंथालयाने उघडले. त्यांच्यासाठी ते उघडले कारण न्यूयॉर्क आणि लंडनची ग्रंथालये त्यांना मिळाली. ज्याला ती मिळाली नाहीत त्याचे काय, हा प्रश्न तेव्हाही उरला आणि आजही उरला आहे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या पत्रिकांचा कारभार बदलला. विद्वत्सभांच्या अनेक पत्रिका मोठ्या प्रकाशन कंपन्यांकडे गेल्या. यातील व्यवहार चमत्कारिक आहे. संशोधकाचा पगार बहुधा सार्वजनिक पैशातून होतो. लेखाबद्दल त्याला मानधन मिळत नाही. लेख तपासणारा तज्ज्ञही फुकट राबतो. आणि तोच लेख विकत घ्यायला विद्यापीठाचे ग्रंथालय पुन्हा सार्वजनिक पैसा मोजते. १९९५ साली ‘जेस्टोर’ या संस्थेने जुन्या पत्रिकांचे अंक संगणकावर आणले, ही मोठी सोय झाली. पण दारावर वर्गणीचा नाका राहिलाच. फेब्रुवारी २००२ मध्ये बुडापेस्टच्या जाहीरनाम्याने संशोधन सर्वांना विनामूल्य वाचता आले पाहिजे, अशी मागणी जगापुढे ठेवली. भारत सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ ही योजना मंजूर केली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक आणि सुमारे १३,००० पत्रिका. सरकारी संस्थांतील विद्यार्थ्यांना तिचा लाभ होईल, आणि आपल्या मुलांनी तो जरूर घ्यावा. तरी योजनेचे स्वरूप ओळखावे. तिने दार तोडलेले नाही, ठरावीक लोकांचा टोल भरला आहे. ज्याच्याकडे सरकारी संस्थेचे ओळखपत्र नाही असा कामगार, गावातला शिक्षक, लेण्यांची नोंद घेत हिंडणारा कार्यकर्ता बाहेरच राहतो. आपल्या चळवळीचा इतिहास तर बहुतांशी अशाच माणसांनी लिहिला आहे.

मुक्तद्वार पत्रिका हा याला पर्याय आहे आणि तो स्वप्नरंजनातला नाही. अमेरिकेतील ब्रिन मॉर महाविद्यालयातून १९९० साली ग्रीक-रोमन विद्येच्या ग्रंथांची परीक्षणे देणारी पत्रिका संगणकीय टपालाने निघू लागली. ती वाचकाकडून पैसा घेत नाही. परीक्षकाला परीक्षणासाठी ग्रंथ मिळतो, एवढाच त्याचा मोबदला. ती आजही चालू आहे. कॅनडातील एका विद्यापीठीय प्रकल्पाने २००१ पासून पत्रिका चालविण्याची संगणकप्रणाली विनामूल्य उपलब्ध करून दिली. लेख स्वीकारणे, तज्ज्ञांकडे पाठविणे, दुरुस्त्या घेणे, अंक लावणे ही कामे तिच्यावर होतात. २०१० साली ब्राह्मी लिपीलाही युनिकोडमध्ये स्थान मिळाले, त्यामुळे शिलालेखाचा पाठ मूळ अक्षरांत छापणे शक्य झाले. कागद, शाई आणि टपाल यांचा खर्च टळतो. टळत नाही तो माणसाच्या श्रमाचा खर्च. लेख बारकाईने वाचणारा, ठशाशी अक्षर ताडून पाहणारा, तळटीप तपासणारा, मुद्रिते वाचणारा माणूस लागतोच.

हा खर्च कोणी द्यायचा, यावरून मुक्तद्वाराचे दोन मार्ग पडले आहेत. पहिल्यात वाचक फुकट वाचतो, पण लेखकाकडून शुल्क घेतले जाते. म्हणजे वाचणाऱ्याच्या दारातला नाका उचलून लिहिणाऱ्याच्या दारात ठेवला. शिष्यवृत्तीवर जगणाऱ्या विद्यार्थ्याला हे दार पहिल्याहून अरुंद आहे. शिवाय याच मार्गाने पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या बनावट पत्रिकांचे पीक आले. मे २०१८ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाला आपल्या मान्य यादीतून ४,३०५ पत्रिका काढाव्या लागल्या. नोकरी आणि बढती यांसाठी लेखांची संख्या मोजणारी व्यवस्था निर्माण केली की असे होणारच, आणि यात सर्वाधिक फसतो तो पहिल्या पिढीचा संशोधक, कारण खरी पत्रिका कोणती हे सांगणारे त्याच्या घरात कोणी नसते. दुसऱ्या मार्गात वाचक आणि लेखक दोघांकडूनही काही घेतले जात नाही. विद्यापीठ, विद्वत्सभा किंवा समाज तो भार उचलतो. आपल्याला हाच मार्ग पत्करला पाहिजे.

मात्र ‘फुकट’ म्हणजे ‘सैल’ नव्हे, हे बजावून सांगितले पाहिजे. जुन्नरच्या लेखातील बांबूकाम करणारे आणि आजची बुरुड जात यांच्यात सरळ रेषा ओढण्याचा मोह आपल्याला होतो. बुरुड आज अनुसूचित जातींच्या यादीत आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी त्यांची श्रेणी ठेवी घेत होती असे म्हणता आले तर किती बरे! पण श्रेणी म्हणजे जात नव्हे, आणि धंदा तोच म्हणून वंश तोच ठरत नाही. मधल्या शतकांचा पुरावा काय, हा प्रश्न विचारणारा संपादक आपला शत्रू नाही. पुराव्यातील दुवे तुटलेले असताना तर्काला किती वाव द्यावा, याची चर्चा बाबासाहेबांनी १९४८ च्या अस्पृश्यांवरील ग्रंथाच्या प्रस्तावनेत स्वतःच केली आहे, आणि आपला सिद्धांत तपासणीसाठी पुढे ठेवला आहे. प्रस्थापितांनी पुराणाला इतिहास म्हटले, म्हणून आपण आपले पुराण रचावे, हा मार्ग त्यांचा नव्हता. लेखकाचे नाव झाकून दोन तज्ज्ञांकडून लेख तपासून घेण्याची पद्धत आपल्याला दोन्हीकडून उपयोगी आहे. आडनाव पाहून लेख फेटाळता येत नाही, आणि आडनाव पाहून स्वीकारताही येत नाही.

अशी पत्रिका मराठीत निघाली तर तिने तीन गोष्टी सांभाळाव्यात. एक, लेख कोणत्याही भाषेतला असो, त्याचा साधा मराठी सारांश आणि मूळ लेखाचे मराठी भाषांतर दिले पाहिजे. जुन्या इंग्रजी पत्रिकांचे पुष्कळ खंड आज इंटरनेटवर विनामूल्य आहेत, तरी भाषेचे कुलूप तसेच आहे. दोन, तज्ज्ञांच्या यादीत विद्यापीठाबाहेरचे जाणकारही असावेत. तीन, जतनाची व्यवस्था पहिल्या दिवसापासून हवी. ‘मूकनायक’ १९२० साली निघाले आणि १९२३ साली बंद पडले. ‘बहिष्कृत भारत’ १९२७ साली निघाले आणि १९२९ साली थांबले. त्यांचे अंक राज्य शासनाने एकत्र करून पुन्हा छापले ते १९९० साली. मधली साठ वर्षे हा ठेवा मूठभर संग्राहकांच्या ट्रंकांत होता. संगणकावरची पत्रिका तर वाळवीशिवायही नष्ट होते. जागेचे वार्षिक भाडे थकले की तिची पाने नाहीशी होतात. म्हणून प्रत्येक अंकाच्या प्रती एकाहून अधिक ग्रंथालयांत ठेवणे हे संपादनाइतकेच महत्त्वाचे काम आहे.

यासाठी फार मोठा निधी लागत नाही, परंतु नियमित निधी लागतो. जयंतीच्या एका दिवसाच्या रोषणाईवर वस्त्यावस्त्यांतून जो खर्च होतो त्याचा अल्पसा वाटा अशा कामाकडे वळला, तर वर्षाचे दोन अंक चालू शकतील. कार्ल्याच्या सुताराने द्वार घडविले आणि त्यावर आपले नाव कोरले गेले. ते नाव वाचायला वर्गणी पडू नये, आणि ते बरोबर वाचले आहे की नाही हे तपासणारा माणूस मात्र असावा. आपली मागणी एवढीच आहे.