हॅवलॉकला डुबकी मारण्याआधी रंगराव पटवारी ऐकून घ्या

मागच्या भागानंतर लातूरच्या एका श्रोत्याचा मेसेज आला. चौघं मित्र आहेत, पैसे साठवलेत, स्कुबा डायव्हिंग करायचंय आणि बेटावर चार दिवस भटकायचंय. प्रश्न साधा होता: मालवण, लक्षद्वीप की अंदमान? आपला पॉडकास्ट इतिहासाचा, मग हा प्रश्न माझ्याकडे कसा आला माहीत नाही. पण उत्तर शोधता शोधता मी आपल्या नांदेडच्याच सीमेवर येऊन पोचलो, म्हणून आजचा भाग.

आधी थोडक्यात निवड. मालवण जवळचं आणि स्वस्त. कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये सिंधुदुर्ग बांधायला घेतला, त्याच किल्ल्याच्या आसपास आज लोक डुबक्या मारतात. पहिल्यांदा पाण्याखाली जायचं असेल तर उत्तम, पण पावसाळ्यात सगळं बंद. लक्षद्वीपचं पाणी सुंदर, पण तिथं जायला आपल्यालाही परवाना लागतो, त्यामुळे आयत्या वेळी ठरवून चालत नाही. उरलं अंदमान. हैदराबाद गाठायचं, तिथून विमान, मग बोटीनं दोनेक तासांत हॅवलॉक. माझं मत विचाराल तर अंदमान. पण माझं कारण नुसते मासे आणि प्रवाळ नाहीत.

१८५७ साली नांदेड आणि लातूर दोन्ही निजामाच्या राज्यात होते. शाळेत आपण मेरठ, कानपूर, झाशी शिकलो. आपल्याकडं काही झालंच नाही असा समज पक्का. प्रत्यक्षात १७ जुलै १८५७ ला हैदराबादेत तुर्रेबाज खान आणि मौलवी अल्लाउद्दीन यांच्या नेतृत्वाखाली जमावानं ब्रिटिश रेसिडेन्सीवर हल्ला केला. तो फसला. तुर्रेबाज खान पुढे मारले गेले, मौलवींना काळ्या पाण्यावर धाडलं.

आता आपल्या जवळचं. देगलूरच्या पलीकडं, आज तेलंगणात गेलेलं, कौलास नावाचं संस्थान आणि किल्ला आहे. तिथल्या राजा दीपसिंगांच्या बाजूनं उभे राहिलेले एक रंगराव पटवारी होते. पटवारी म्हणजे गावचा हिशेब आणि जमिनीच्या नोंदी ठेवणारा माणूस. तलवारबहाद्दर वगैरे नाही. हा माणूस थेट उत्तरेत नानासाहेब पेशव्यांकडं गेला आणि दख्खनच्या लोकांनी उठावं असं सांगणारं पत्र घेऊन परत आला. रेल्वे नाही, मोबाइल नाही, वाटेत इंग्रजांचा पहारा, आणि पकडलं तर फास ठरलेला. परत आल्यावर त्यांनी माणसं जमवायला सुरुवात केली, पण बेत फुटला आणि १८५९ मध्ये ते पकडले गेले. दीपसिंगांना तीन वर्षांची कैद झाली. रंगरावांना आधी फाशी सुनावली, मग ती बदलून काळं पाणी. १८६० मध्ये ते अंदमानातच वारले.

एक गोष्ट इथं स्पष्ट करतो. अंदमान म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर सेल्युलर जेल येतं. ते रंगरावांच्या वेळी नव्हतंच! त्याचं बांधकाम १८९६ मध्ये सुरू झालं आणि १९०६ मध्ये संपलं. सावरकर तिथं १९११ मध्ये पोचले. पहिले दोनशे कैदी उतरले ते १० मार्च १८५८ ला, डॉ. वॉकर नावाच्या तुरुंग अधिकाऱ्याच्या ताब्यात, चॅथम बेटावर. समोर भिंती नव्हत्या, जंगल होतं. कैद्यांनीच ते पायात बेड्या घालून तोडायचं. हिवताप, उपासमार, पळून गेलं तर स्थानिक जमातींचे बाण. मराठवाड्याच्या कोरड्या हवेत वाढलेल्या पटवाऱ्यानं त्या दमट जंगलात काढलेले ते महिने कसे असतील, याचा विचार मला नकोसा होतो.

आणि आता बेटांची नावं बघा. हॅवलॉक हे नाव ज्या सेनापतीचं, त्या हेन्री हॅवलॉकनं जुलै १८५७ मध्ये कानपूरजवळ नानासाहेबांच्या फौजेला हरवलं होतं. शेजारचं नील बेट जेम्स नीलच्या नावाचं; अलाहाबाद आणि कानपूरला त्यानं केलेल्या फाशीसत्राबद्दल तुम्ही कुठं ना कुठं वाचलं असेलच. म्हणजे नानासाहेबांचं पत्र आणणारा माणूस जिथं मेला, तिथल्याच बेटांना नानासाहेबांना हरवणाऱ्यांची नावं! २०१८ मध्ये ती बदलून स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप झाली. बोलताना अजून सगळे हॅवलॉकच म्हणतात, मीसुद्धा.

जाता जाता, कान्होजी आंग्र्यांचा तळ अंदमानात होता असं नेटवर जिकडं तिकडं लिहिलेलं सापडेल. माझा त्यावर विश्वास नाही. आंग्र्यांचं आरमार कोकण किनाऱ्याचं. पण १७८९ मध्ये चॅथमवर पहिली इंग्रज वसाहत करणारा आर्चिबाल्ड ब्लेअर मुंबईच्या नौदलातला होता, हे मात्र पक्कं.

मग मित्रांनो, प्लॅन असा करा. पोर्ट ब्लेअरला, म्हणजे आताच्या श्री विजयपुरमला, एक पूर्ण दिवस द्या. सेल्युलर जेल बघाच, पण व्हायपर बेटही चुकवू नका. जेलच्या आधीचा काळ तिथं जास्त कळतो. हॅवलॉकवर फक्त बीचवर लोळू नका. गोविंदनगर, श्यामनगर ही गावं पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांनी वसवली, तिथल्या बाजारात माशाचं जेवण जेवा, म्हाताऱ्यांशी बोला. जारवा आणि सेंटिनली लोकांच्या वाटेला जाऊ नका. १९५६ पासून कायद्यानं बंदी आहे आणि ती योग्यच आहे.

डायव्हिंगचं एक. आपण पोरं पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलो, आणि कोण जास्त वेळ दम धरतो यावर पैजा लावल्या. स्कुबात नेमकं तेच करायचं नाही. दहा मीटर खाली दाब दुप्पट होतो. वर येताना छातीतली हवा फुगते, श्वास कोंडला तर फुप्फुसाला इजा होते. सतत श्वास घेत राहा, सावकाश वर या. शेवटच्या डुबकीनंतर विमानात बसण्याआधी निदान एक दिवस जाऊ द्या. प्रवाळाला हात लावायचा नाही, २०१० च्या उष्ण पाण्यानं ते आधीच खूप पांढरं पडून मेलंय.

२०१६ मध्ये रेल्वेनं पाणी आलेल्या लातूरची पोरं समुद्राच्या तळाशी निघालीत, याचा मला भारी आनंद आहे. जाण्याआधी एका रविवारी देगलूरमार्गे कौलासच्या किल्ल्यावर जाऊन या. दुचाकीनं होतं. फोटो पाठवा, पुढच्या भागात त्यावर बोलू.