साष्टीचे वसाहतकार आणि ‘ओसाड’ भूमीची कथा

वसाहतीच्या इतिहासाचा आरंभ बहुधा एकाच विधानाने होतो : भूमी ओसाड होती आणि आमचे पूर्वज तेथे आले. अमेरिकेच्या गवताळ मैदानांत १८६२ च्या कायद्यान्वये १६० एकर जमीन घेणाऱ्या कुटुंबांच्या कहाण्याही अशाच सुरू होतात. पाच वर्षांची वहिवाट सिद्ध केली म्हणजे जमीन मालकीची होई. आणि त्या सिद्धतेसाठी जे कागद करावे लागले, त्यांतच त्या कुटुंबांचे पुष्कळसे वृत्त टिकून राहिले. त्याच मैदानांवर पिढ्यानपिढ्या वावरलेल्या जमातींना मात्र त्या कागदांत स्थान मिळाले नाही. उत्तर कोकणातील साष्टी बेटाच्या वसाहतीची जी कथा महिकावतीच्या बखरीत आली आहे, तिची परीक्षाही याच दृष्टीने व्हावयास हवी.

ही बखर इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १९२४ साली प्रसिद्ध केली. ती एकहाती नाही; तिची प्रकरणे निरनिराळ्या काळी रचली गेली आहेत. त्यांपैकी केशवाचार्याने रचलेला भाग शके १३७०, म्हणजे इसवी सन १४४८ चा आहे. त्याचे निमित्त झाला मालाडचा देसला नायकोराव. देवीने स्वप्नात दृष्टांत दिल्यावरून त्याने मंडळी जमविली आणि केशवाचार्याकडून कुळांची वंशपद्धती व महाराष्ट्रधर्म यांचे कथन करविले, असे बखर सांगते. मराठी वाङ्मयात ‘महाराष्ट्रधर्म’ हा शब्द ज्या जुन्या स्थळी आढळतो त्यांपैकी हे एक असल्यामुळे अभ्यासकांचे लक्ष त्या शब्दावर खिळून राहिले. नायकोरावाला हव्या असलेल्या वंशपद्धतीचा विचार त्या मानाने थोडा झाला.

बखरीतील एका परंपरेनुसार शके १०६० च्या सुमारास प्रतापबिंब राजा उत्तर कोकणात उतरला, त्याला देश ओसाड आढळला, आणि म्हणून पैठण व चांपानेर येथून सहासष्ट कुळे आणून त्याने तो वसविला. दुसऱ्या परंपरेत हे श्रेय देवगिरीच्या रामदेवरावाचा पुत्र बिंबदेव याच्याकडे, म्हणजे तेराव्या शतकाच्या अखेरीकडे जाते. दोन्ही परंपरांत राजा बदलतो, शतक बदलते. बाहेरून आलेली कुळे आणि त्यांनी वसविलेली भूमी ही कल्पना तेवढी कायम राहते.

ताम्रपट व शिलालेख यांची साक्ष वेगळी आहे. शिलाहार राजा छित्तराज याच्या शके ९४८ (१०२६) च्या भांडुप ताम्रपटात श्रीस्थानकातील ‘षट्षष्टि’ विषयाचा आणि त्यातील गावाचा निर्देश आहे. षट्षष्टि म्हणजे सहासष्ट. साष्टी हे नाव त्यावरूनच आले. प्रतापबिंबाच्या सांगितलेल्या काळाआधी शंभराहून अधिक वर्षे या बेटाला नाव होते, गावे होती, आणि ती दान देण्याजोगी पिकत होती. पुढे ११८७ च्या परळ शिलालेखातही शिलाहार अपरादित्याचीच सत्ता दिसते. कान्हेरीच्या लेण्यांचा प्राचीन काळ तर सर्वश्रुत आहे. सहासष्ट गावांच्या प्रदेशात नेमकी सहासष्टच कुळे यावीत, हा योगायोग मानणे कठीण आहे. प्रदेशाच्या नावातील संख्या पुढे कुळांच्या संख्येत उतरली असावी, हे अनुमान अधिक सयुक्तिक वाटते.

एवढ्यावरून बखर खोटी ठरवून बाजूस सारणे मात्र योग्य होणार नाही. १४४८ साली हा प्रांत गुजरातच्या सुलतानांच्या अंमलाखाली होता. अशा वेळी देसल्यासारख्या वतनदाराला आपले व आपल्या भाऊबंदांचे स्थान टिकविण्यासाठी राजाच्या तलवारीपेक्षा स्मृतीचा आधार जवळचा होता. कोणते कूळ कोठून आले, त्याचे गोत्र व कुलस्वामिनी कोणती, याचा निर्णय झाल्यावाचून वृत्तीचा हक्क टिकत नव्हता आणि सोयरीकही ठरत नव्हती. बाराव्या शतकाविषयी बखरीची साक्ष दुर्बळ आहे. पंधराव्या शतकातील वसाहतकारांच्या वंशजांना कशाची धास्ती होती, याविषयी ती सबळ आहे. ‘ओसाड’ हा शब्द त्यांच्या हक्काचा पहिला पुरावा होता. त्या एका शब्दाने आधीच्या रहिवाशांना कथेतून काढून टाकले.

पुढेही या भूमीवरील हक्क कागदांनीच ठरत गेले. बेटाच्या उत्तर टोकाकडील घोडबंदर, भाईंदर व मिरे या गावांचा ९९९ वर्षांचा पट्टा इंग्रज सरकारने १८७० साली रामचंद्र लक्ष्मणजी यांस करून दिला. भरतीचे खारे पाणी बांध घालून शेतांपासून दूर ठेवणे हा त्या व्यवहारातील महत्त्वाचा भाग होता. म्हणजे तो कागदच शेते आणि ती कसणारी माणसे तेथे आधीपासून असल्याची साक्ष देतो.

वसाहतकार कागदांप्रमाणे नावेही बरोबर नेतात. बखरीतील राजाने महिकावतीचे, म्हणजे केळवे-माहीमचे, नाव मुंबई बेटावरील आपल्या नव्या ठाण्यास दिले. इंग्लंडमधील यॉर्कशायरचे बेव्हर्ली हे नाव १६६८ साली मॅसॅच्युसेट्समधील एका गावास मिळाले आणि विसाव्या शतकाच्या आरंभी तेथून कॅलिफोर्नियात पोहोचले. बीव्हर या जलचर प्राण्याच्या ओढ्यावरून ते पडले, असे व्युत्पत्तिकार मानतात. आज मिरे गावाच्या परिसरात बेव्हर्ली पार्क ही वसती उभी आहे. तेथे बीव्हर नाही आणि यॉर्कशायरचा ओढाही नाही. खाडी, खाजणे आणि मिठागरे यांचा तो मुलूख. या वसतीतील कुटुंबे उद्या आपला इतिहास लिहू लागली, तर ‘येथे पूर्वी काहीच नव्हते’ हेच त्यांचेही पहिले वाक्य होण्याचा संभव आहे. त्या वाक्याशेजारी १०२६ चा ताम्रपट ठेवणे हे अभ्यासकाचे काम होय.