ज्ञानेश्वरीची भीती कशी गेली

शके 1212 मध्ये नेवाशाला सांगितलेल्या ज्ञानेश्वरीच्या नऊ हजारांवर ओव्या आज पदवीधरालाही दडपण आणतात. तरी वारकऱ्यांत हा ग्रंथ शेतकऱ्याच्या घरी पोचला, तो सोपा करून नव्हे. एकनाथांनी शके 1506 मध्ये पाठ शुद्ध केला आणि त्यात कुणी आपली ओवी मिसळू नये असे बजावले. अवघड मजकूर अवघडच राहिला. बदलली ती वाचायची रीत. सप्ताहात पारायण सामुदायिक होते, अडखळणाऱ्याचा सूर शेजाऱ्याच्या सुरात मिळून जातो, आणि प्रवचनकार एकेका ओवीवर तासभर थांबतो. जोग महाराजांनी 1917 मध्ये आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढून या निरूपणाला रीतसर शिक्षणाची जोड दिली.

पारायण म्हणजे अर्थाविना नुसते पठण, असा आक्षेप घेतला जातो. काही ठिकाणी तो खराही आहे. पण कानाला ओळखीची झालेली ओवी पुढे प्रवचनात भेटते तेव्हा ती परकी राहिलेली नसते. आधी ओळख, मग अर्थ, हा क्रम मला शहाणपणाचा वाटतो. पहिल्याच वाचनात सगळे कळले पाहिजे, ही अट या परंपरेने कधी घातली नाही. मर्ढेकरांसारख्या आधुनिक कवीची अवघड वाटणारी कविता हाती घेताना आपणही ती अट घालू नये.