नगरची इंजिने आणि त्यांचे गणित

अहिल्यानगरात इंजिनांच्या चाचणीची परंपरा फाळणीपासून सुरू होते. रावळपिंडीजवळच्या चकलाला येथे लष्करी वाहनांची तपासणी करणारी संस्था होती. १९४७ मध्ये ती नगरला हलली आणि पुढे डीआरडीओची वाहन संशोधन व विकास आस्थापना, म्हणजे व्हीआरडीई, म्हणून वाढली. रणगाडा दलाचे केंद्र व प्रशिक्षण शाळाही याच शहरात आहे. या दोन संस्थांमुळे आणि फिरोदियांच्या कायनेटिक इंजिनिअरिंग या कारखान्यामुळे नगरशी ज्या इंजिनांचा संबंध आला, त्यांतली काही नेहमीच्या चार-स्ट्रोक साच्यात बसत नाहीत. जादा ताकदीच्या इंजिनाची आखणी संगणकावर करताना कोणते सॉफ्टवेअर घ्यावे, या प्रश्नाचे उत्तर अशा वेगळ्या इंजिनांकडे पाहिल्यावरच नीट सापडते.

रणगाडा दलाच्या ‘विजयंत’ रणगाड्यात लेलँडचे एल-६० इंजिन होते. त्याच्या प्रत्येक सिलिंडरमध्ये समोरासमोर दोन पिस्टन. एक हवेची द्वारे उघडतो, दुसरा धुराची. व्हॉल्व्ह नाहीत, सिलिंडर हेडही नाही. त्यामुळे व्हॉल्व्हची उचल आणि कॅमचा कोन विचारणाऱ्या साध्या प्रोग्रॅमला अशा इंजिनाबद्दल काहीच सांगता येत नाही.

१९७२ साली कायनेटिक इंजिनिअरिंगने बाजारात आणलेली लूना नगरच्या उद्योगाची ओळख ठरली. पियाजिओच्या ‘चाओ’ या मोपेडवर आधारलेली, ५० सीसीची, दोन-स्ट्रोक. लूना स्वस्त वाहतुकीसाठी होती. तिच्यातून शर्यतीची ताकद काढायची नव्हती. पण दोन-स्ट्रोक इंजिनातून ताकद कशी निघते, हे कोडे त्याआधीच पूर्व जर्मनीत सुटले होते. एमझेड कंपनीच्या वाल्टर काडेन यांनी १९५० च्या दशकात सायलेन्सरला आधी रुंदावणारा आणि मग आवळणारा आकार दिला. द्वार उघडताच निघालेली दाबाची लाट रुंद भागातून शोषणलाट होऊन परतते आणि सिलिंडरमधला धूर ओढून काढते. पुढच्या आवळत्या भागातून ती दाबलाट होऊन येते आणि बाहेर निसटू पाहणारे ताजे मिश्रण आत ढकलते. हे जुळून येते ते ठरावीक फेऱ्यांच्या पट्ट्यातच, कारण लाटेचा वेग धुराच्या तापमानावर ठरतो आणि द्वार उघडण्याची वेळ फेऱ्यांवर.

काडेन यांची वाट प्रयोगांची होती: पत्रा कापायचा, जोडायचा, टेस्ट बेडवर लावून पाहायचा. या लाटांचे गणित संगणकावर मांडणाऱ्यांत इंग्लंडमधले रोलँड बेन्सन आणि बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातले गॉर्डन ब्लेअर अग्रभागी होते. नळीचे लहान लहान तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्यातला दाब, वेग, तापमान क्षणाक्षणाला काढत पुढे जायचे, ही आजच्या एकमितीय सॉफ्टवेअरची मूळ कल्पना. मुळात रिकार्डोचे असलेले ‘वेव्ह’, एव्हीएलचे ‘बूस्ट’, गॅमा टेक्नॉलॉजीजचे ‘जीटी-पॉवर’ याच कुळातले. स्वस्त प्रोग्रॅम अनेकदा सिलिंडर केवळ भरतो-रिकामा होतो एवढेच धरतात. नळीची लांबी ठरवायची असेल तर त्यांचा उपयोग नाही. लाटच नसेल तर लांबीला अर्थ उरत नाही.

नगरच्या इतिहासातले सर्वांत अवघड गणित रोटरी इंजिनाचे. ‘निशांत’ या मानवरहित विमानासाठी व्हीआरडीईने बंगळूरच्या नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीज आणि एरोनॉटिकल डेव्हलपमेंट एस्टॅब्लिशमेंट यांच्यासह ५५ अश्वशक्तीचे देशी वांकेल इंजिन विकसित केले. मार्च २००९ मध्ये कोलारजवळ ते घेऊन निशांत उडाले. वांकेलमध्ये पिस्टन नसतो. तिकोनी रोटर एकदा फिरतो तेव्हा दंड तीनदा फिरतो, आणि एका कक्षाचे चक्र ७२० ऐवजी १०८० अंशांत पुरे होते. ज्वलनकक्ष लांबट व अरुंद, म्हणून भिंतींवाटे उष्णता जास्त जाते. रोटरच्या टोकांवरच्या पट्ट्यांतून वायू गळतो. पिस्टनच्या हालचालीचे सूत्र पायाशी धरून लिहिलेल्या सॉफ्टवेअरमध्ये हे कोंबता येत नाही. कक्षाचे आकारमान स्वतः मांडता येईल आणि गळतीची वाट जोडता येईल असेच साधन इथे लागते.

एवढे होऊनही ज्वलनाचा भाग अनुभवजन्य सूत्रांवरच उभा राहतो. इंधन किती अंशांत किती जळाले यासाठी बहुतेक प्रोग्रॅम रशियन संशोधक वीबे यांचे सूत्र वापरतात, तर भिंतींकडे जाणाऱ्या उष्णतेसाठी व्होश्नी यांचे १९६७ चे. दोन्हींतले स्थिरांक त्या-त्या इंजिनाच्या मोजमापावरून बसवावे लागतात. म्हणून आखणी करणाऱ्याने आधी मूळ इंजिन डायनॅमोमीटरवर चालवून टॉर्कचा आलेख घ्यावा, फ्लो बेंचवर द्वारांतून जाणारी हवा मोजावी, आणि सॉफ्टवेअरने तोच आलेख काढून दाखवेपर्यंत नवा कॅम किंवा नवा सायलेन्सर त्यात घालू नये. मोजमापाची ही सोय हाताशी नसेल, तर महागडे सॉफ्टवेअर घेण्याआधी तो खर्च टेस्ट बेडवर करणे योग्य.